उपऱ्याचा जीव

शास्त्रपाठ : निर्गम २३:९, २ इतिहास २:१७, १८



निर्गमातील या वचनाचा अनुवाद करताना लेखणी एका शब्दापाशी थांबते. उपऱ्यावर जुलूम करू नका, एवढेच सांगून देव थांबत नाही. तुम्ही मिसर देशात उपरी होता, म्हणून उपऱ्याचे 'नेफेश' तुम्हांला ठाऊक आहे, असे तो इस्राएलास स्मरण देतो. या इब्री शब्दाचा अर्थ जीव, मन असा होतो. पण त्याच्या मुळाशी गळा आणि श्वास आहे. स्तोत्र ६९:१ मध्ये पाणी चढत चढत पोहोचते ते येथवरच.

'उपरी' हा शब्दही आपल्या मातीतला आहे. जुन्या गावगाड्यात वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार आणि तसा हक्क नसताना ती कसणारा तो उपरी. उपऱ्याला राबण्यापुरती जागा होती. गावाच्या कारभारात त्याच्या शब्दाला वजन नव्हते.

असा जीव ओळखणारी व्यक्ती कारभारात बसली तर काय घडते? अमेरिकेतील एक उदाहरण पाहू. हिल्डा सोलिस यांचा जन्म १९५७ साली लॉस एंजेलिस येथे झाला. वडील मेक्सिकोचे, आई निकाराग्वाची. दोघांची भेट नागरिकत्वाच्या वर्गात झाली. सात मुलांचा संसार. आई खेळण्यांच्या कारखान्यात काम करी. वडील जुन्या बॅटऱ्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात होते. सहकामगारांना औषधोपचाराच्या सोयी मिळाव्यात म्हणून ते झटले. तेथेच त्यांच्या शरीरात शिशाचे विष भिनले.

ही मुलगी महाविद्यालयात जाण्याच्या योग्यतेची नाही, तिने सेक्रेटरीचे काम पत्करावे, असे शाळेतील एका मार्गदर्शकाने तिच्या आईला सांगितले. दुसऱ्या एकाने मात्र तिला अर्ज भरण्यास मदत केली. घरातून महाविद्यालयात जाणारी ती पहिलीच. १९८५ साली ती एका स्थानिक महाविद्यालयाच्या विश्वस्त मंडळावर निवडून आली आणि १९९४ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या सिनेटमधील पहिली लॅटिना सदस्य झाली. विषारी कारखाने व कचऱ्याचे डेपो गरिबांच्या वस्तीशेजारीच का येतात, हा प्रश्न तिने तेथे धरून ठेवला. १९९९ साली पर्यावरणाच्या बाबतीत सर्व वंशांच्या व उत्पन्नगटांच्या लोकांना न्याय्य वागणूक मिळावी, असा तिने मांडलेला कायदा संमत झाला. २००९ मध्ये ती देशाची श्रममंत्री झाली. अमेरिकेत मंत्र्यालाही सेक्रेटरीच म्हणतात!

राजकारणातील कोणालाही आपण संत ठरवीत नाही. येथे पाहावयाचे ते इतकेच की, घरातील दुःख घरातच राहिले नाही. ते इतरांच्या संरक्षणाचा नियम बनले. निर्गम २३:९ मध्ये देवाने नेमके हेच मागितले आहे.

उलट उदाहरण शास्त्रातच आहे. शलमोनाने देशातील उपऱ्यांची मोजदाद केली. ते १,५३,६०० भरले. मंदिराच्या कामासाठी त्याने त्यांना ओझी वाहण्यास व दगड फोडण्यास लावले. मिसरातून सुटलेल्यांच्या वंशजाने देवाचेच घर उपऱ्यांच्या पाठीवर उभारले. उपऱ्याचा मिरासदार झाला की, स्मरण असे पुसले जाते.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे पोटापाण्यासाठी परप्रांतांत गेली. भाड्याच्या खोलीसाठी फिरताना, अनोळखी भाषेत शाळेचा अर्ज भरताना गळा दाटून येणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागत नाही. आज तीच कुटुंबे मंडळीच्या पंचकमिटीवर, शाळांच्या व्यवस्थापनावर आहेत. ते ज्ञान तेथे सोबत आले आहे काय? आपला प्रभूही बालपणी मिसर देशात आश्रयास गेला होता (मत्तय २:१३-१५). उपऱ्याचा जीव त्याला ठाऊक आहे.

मननासाठी प्रश्न :
१. आपण किंवा आपले वाडवडील कोठे उपरी होते? त्या वेळी कोणी हात दिला?
२. आपल्या चर्चच्या बांधकामावर राबणारे मजूर कोठून आले आहेत? त्यांची मुले रात्री कोठे निजतात?
३. आपल्या मंडळीतील कोणत्या मुलीस 'हे तुझे काम नव्हे' असे सांगितले गेले आहे? तिचा अर्ज भरण्यास कोण बसेल?