विद्यापीठीय आंदोलनाचे प्रदर्शन : एका तुलनेच्या मर्यादा

विद्यार्थी ग्रंथालयात विद्यापीठीय आंदोलनांचे प्रदर्शन मांडतात, तेव्हा अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ (१९६६) आणि मुंबईतील ‘दलित पँथर’ (१९७२) शेजारीशेजारी येणे स्वाभाविक आहे. नावाचे ऋण उघडच आहे. मात्र या मांडणीत औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय गळते. अमेरिकेत अध्ययन करून आलेल्या म. ना. वानखडे यांनी तेथील कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा मराठीत आणली, ती पँथरच्या आधी. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ही त्याच परिसरातले. तेव्हा अनुकरणाचा आरोप टिकत नाही.

खरी अडचण नामांतराच्या दालनात येते. मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला. त्याची किंमत विद्यापीठाच्या आवारात नव्हे, खेड्यांतील दलित वस्त्यांत मोजली गेली. नोव्हेंबर १९७९ मध्ये नागपूरहून निघालेला लाँग मार्च बुलढाणा जिल्ह्यात खडकपूर्णेच्या पुलावर अडविण्यात आला. लोणारच्या महाविद्यालयात असे प्रदर्शन मांडावयाचे, तर ओकलंडच्या छायाचित्रांआधी हा पूल हवा. एरवी १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार प्रेक्षकाला निव्वळ शासकीय आदेश वाटेल.