जीपची चासी

फोंडाघाट हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कणकवली तालुक्यातले गाव. गावाच्या पाठीशी सह्याद्री उभा आहे. देवगडहून निपाणीकडे जाणारा रस्ता इथून घाट चढतो आणि वर दाजीपूरला पोहोचतो. पावसाळ्यात इथे पाऊस कोसळतो आणि लोखंड पाहता पाहता गंजते.

आमच्या दादाजानची एक जुनी जीप आहे. अशा जीपगाड्या मूळच्या अमेरिकेतल्या. दुसऱ्या महायुद्धात विलीज कंपनीने त्या सैन्यासाठी बनवल्या. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत त्यांची जुळणी सुरू केली. १९४५ साली ही कंपनी निघाली, तेव्हा तिचे नाव ‘महिंद्र अँड मोहम्मद’ असे होते. १९४८ साली ते बदलले.

दादाजान या जीपमधून आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला नेत. गेल्या वर्षी ती डावीकडे झुकू लागली. अब्बा म्हणाले, “आता भंगारात देऊ या. घाटात काही झाले तर?” दादाजान काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीकाकांना बोलावले.

“काका, चासी वाकली का?” मी विचारले.

“इतक्यात कसे सांगू?” ते म्हणाले. “चाकात हवा कमी असली किंवा पाटा बसला, तरी गाडी झुकते. आधी मोजू, मग बोलू.”

जीपची चासी म्हणजे आडवी ठेवलेली शिडीच. दोन लांब लोखंडी तुळ्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. बॉडी त्यावर बोल्टांनी बसवलेली असते. काकांनी चासीखाली चार घोड्या लावल्या. चाके अधांतरी झाली. आता पाट्यांचा प्रश्न उरला नाही. मग त्यांनी गवंड्याची पाण्याची नळी काढली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते. त्यावरून त्यांनी चारही टोके एका पातळीत आणली.

जीपची तुळई मागे थोडी वर उचललेली असते. म्हणून त्यांनी फक्त मधला सरळ भाग घेतला. त्याच्या दोन्ही टोकांखाली दोन-दोन इंचांचे ठोकळे बांधून दोरी ताणली. उजवीकडे दोरी आणि तुळई यांत सगळीकडे दोन इंच अंतर भरले. डावीकडे मध्यभागी ते फक्त एक इंच तीन सूत होते. आठ सुतांचा एक इंच. म्हणजे तुळई पाच सूत खाली आली होती! तिथे पूर्वी कोणीतरी गंजावरच पत्रा ठोकून वर रंग दिला होता. काकांनी हातोडीने टकटक केली, तर पोपडे गळून पडले. आत बोटभर लांब चीर होती.

“बॉडीखाली पट्ट्या घालून गाडी सरळ दाखवता येते,” काका म्हणाले, “पण ही चीर घाटातल्या वळणावर उघडेल.”

अब्बांनी माझ्याकडे पाहिले. मी दर शुक्रवारी दादाजानबरोबर याच जीपमध्ये बसत असे.

काकांनी बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी दूर नेऊन ठेवली आणि बॉडी उतरवली. चासीखाली एक जाड गर्डर सरकवला. तुळईची दोन्ही टोके साखळीने गर्डरला बांधली आणि मध्ये जॅक लावला. जॅक ते अगदी हळू चढवत होते. थोडे चढवले की थांबत, पुन्हा मोजत. लोखंड थोडे मागे येते, म्हणून तुळई सरळ रेषेपेक्षा दोन सूत वर नेऊन सोडावी लागली. ती लाल करून वाकवावी, असे मी सुचवले. त्यावर ते हसले. फार तापवले तर पोलाद नरम पडते!

मग जॅक तसाच ठेवून त्यांनी गंज घासून काढला, चीर भरली आणि वर जाड पट्टी जोडली. पट्टीची टोके त्यांनी तिरपी कापली होती. सरळ उभा सांधा मारला, तर त्याच रेषेवर पुन्हा चीर पडते. हे काम तीन दिवस चालले.

शेवटी कर्ण मोजायचे होते. पुढच्या उजव्या भोकापासून मागच्या डाव्या भोकापर्यंत, मग उलट. भूमितीच्या तासाला हे आम्ही वहीत काढतो. टेपचे टोक मी धरले. दोन्ही कर्णांत एका सुताचाही फरक नव्हता.

रविवारी दादाजान जीप घेऊन दाजीपूरला गेले आणि परत आले. सोबत अब्बाही होते. अंगणात उतरताच अब्बा म्हणाले, “दोरी आण रे. पुन्हा मोजू.”