कोर्सला मान्यता आहे का, कसं तपासाल?

प्रश्न : मुलगा दहावी झाला. जवळच्या खासगी संस्थेत सहा महिन्यांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स आहे. भिंतीवर आयएसओ आणि उद्यम नोंदणीची प्रमाणपत्रं आहेत. प्रवेश घ्यावा का?

उत्तर : त्या दोन्ही कागदांनी कोर्सला मान्यता मिळत नाही. व्यवसाय शिक्षणाची राष्ट्रीय नियामक संस्था एनसीव्हीईटी. २०१८च्या अधिसूचनेने ती स्थापन झाली. प्रमाणपत्र देणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थांना ती मान्यता देते. मान्य कोर्स नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरमध्ये सांकेतिक क्रमांक, स्तर व मुदतीसह सापडतो. संस्थेकडून तो क्रमांक मागा, स्वतः पडताळा. राज्याच्या व्यवसाय शिक्षण मंडळाचा कोर्स असेल तर चालू वर्षाचं संलग्नता पत्र पाहा. ‘आधी फी भरा, मग दाखवतो’ म्हणाले, तर सरळ नकार द्या. जमत असेल तर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेडच घ्यावा.