कऱ्हाडमधला ऱ

आमच्या अहवालातून कऱ्हाड तालुका गायब झाला होता. सातारा जिल्ह्यातले बाकीचे तालुके जागच्या जागी, बेरीज मात्र जमेना. कोडमध्ये लिहिलेला ‘कऱ्हाड’ आणि बाहेरून आलेल्या फाइलमधला ‘कऱ्हाड’ स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसत होते. दोन्ही शब्द बाइटमध्ये उघडून पाहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

मराठीतला हा अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. कोणत्या कीबोर्डवरून टाइप केलं, त्यावर ते ठरतं. बरेच जण अशा वेळी एनएफसी नॉर्मलायझेशन लावून मोकळे होतात. र आणि नुक्ता अशी जोडी आली असेल तर त्याने ऱ मिळतो, पण जॉइनरला ते हात लावत नाही. म्हणून कुणी सगळे जॉइनर सरसकट पुसतं, आणि ते तर फारच वाईट: ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात! आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला, मगच तुलना करा. कोडमधल्या शब्दांना आणि आत येणाऱ्या डेटाला, दोन्हींना हाच नियम लावा.

एन्कोडिंगचं काम त्यामानाने सोपं आहे. प्रत्येक सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये, बॉमशिवाय सेव्ह करा. पायथन ३ सोर्स फाइल यूटीएफ-८ समजूनच वाचतं, पण प्रोग्रॅममधून दुसरी फाइल उघडताना विंडोजवर आजवर ते सिस्टिमचं एन्कोडिंग धरत आलं आहे. तेव्हा तिथे एन्कोडिंग स्पष्ट लिहा. जावाने २०२२ साली, १८व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हे डिफॉल्ट केलं. त्याआधीची आवृत्ती वापरत असाल तर कंपायलरला एन्कोडिंग स्पष्ट सांगणंच बरं.

असे घोळ झाले की टीममध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘कोडमध्ये मराठी नकोच.’ मला हे मुळीच मान्य नाही. तालुक्यांची, माणसांची नावं रोमनमध्ये कोंबली की ऱ कायमचाच हरवतो. मराठी मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, कॉमेंट खुशाल मराठीत लिहा, आणि तुमच्या टेस्टमध्ये ‘कऱ्हाड’ दोन्ही रीतींनी लिहून आजच घाला.