वॉर्डातून कारखान्याच्या आरोग्य केंद्रात

तारापूर औद्योगिक वसाहतीभोवतीच्या पाम, कोलवडे, कुंभवली, सालवड या गावांत राहणारी आणि बोईसर-पालघरच्या किंवा थेट मुंबईच्या रुग्णालयात नोकरी करणारी परिचारिका वॉर्ड सोडून कारखान्यातील आरोग्य केंद्रात जाण्याचा विचार करते, तेव्हा त्यामागे रात्रपाळ्यांचा शीण, पाठीचे दुखणे, घरातील लहान मुले आणि 2013 पासून डहाणूपर्यंत धावू लागलेल्या लोकलमधील रोजचा प्रवास अशी खरीखुरी कारणे असतात, आणि त्यांना कोणीही कमी लेखू नये. मात्र तेथे खाटेवर रुग्ण नसतात, तेव्हा जबाबदारीही हलकी असेल, या समजुतीने जी परिचारिका जाते, तिला पहिल्याच पावसाळ्यात एखाद्या रात्री त्या समजुतीची किंमत कळते.

औद्योगिक परिचर्या, म्हणजे कामाच्या जागी कामगाराचे आरोग्य राखण्याची शाखा, बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील नॉरिच येथील कोलमन या मोहरीच्या कारखान्याने 1878 मध्ये फिलिपा फ्लॉवरडे यांची नेमणूक केली होती. भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात परिचर्या-कर्मचाऱ्यांसह उपचारकक्ष ठेवणे बंधनकारक केले, आणि भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवण्याची सक्ती आली. हे कायदे आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत सामावले गेले असले, तरी बोईसरमध्ये या उपचारकक्षाला सगळे ‘ओएचसी’च (ऑक्युपेशनल हेल्थ सेंटर) म्हणतात.

वॉर्डात रुग्णाबरोबर केसपेपर आणि डॉक्टरांचे निदान येते. कारखान्यात ‘सिस्टर, घसा जळतोय’ एवढेच सांगत कामगार येतो आणि रात्री डॉक्टर बहुधा फोनवरच असतात. नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेतून सुटणारा तांबूस वायू, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे, श्वासात गेल्यावर सुरुवातीला केवळ खोकला येतो, ऑक्सिजनची पातळी ठीक दिसते, आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. अशा कामगाराला गोळी देऊन घरी पाठवणे ही वॉर्डातील सवयीतून होणारी सर्वांत घातक चूक आहे. अ‍ॅनिलिनसारखे रसायन कातडीतून शोषले गेले, तर रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहण्यास असमर्थ अशा रूपात, म्हणजे मेथहिमोग्लोबिनमध्ये, बदलते. ओठ निळसर पडतात, बोटावरचे यंत्र पंच्याऐंशीच्या आसपास अडून राहते आणि ऑक्सिजन लावूनही आकडा हलत नाही. तेथे यंत्रापेक्षा रसायनाचे नाव अधिक सांगून जाते. म्हणून रुजू झाल्यावर आरंभीचे दिवस कक्षात न बसता प्लांटमध्ये फिरण्यात घालवावेत, प्रत्येक टाकीतील द्रव्याची सेफ्टी डेटा शीट वाचावी, डोळे धुण्याचे नळ खरोखर चालतात का ते स्वतः पाहावे, आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरात असेल, तर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल मुदत न उलटलेली व हाताशी आहे याची खात्री करावी.

दुसरी कसोटी वैद्यकीय नाही आणि ती अधिक एकटे पाडणारी आहे. अपघातामुळे कामगार अठ्ठेचाळीस तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर तो अपघात शासनाला कळवावा लागतो. त्यामुळे हाताला पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवून हजेरी लावण्याचा आणि रजिस्टरात ‘किरकोळ जखम’ लिहून घेण्याचा आग्रह काही ठिकाणी होतो. पुढे नुकसानभरपाईच्या वेळी त्या कामगाराकडे या रजिस्टराखेरीज फारसे काही नसते. नोंद त्याच वेळी, जखमीच्या शब्दांत, वेळ आणि जागेसह करावी, आणि नंतर खाडाखोड करू नये. हे धैर्य एकटीच्या बळावर टिकत नाही, म्हणून नेमणूक स्वीकारण्यापूर्वीच विचारून घ्यावे की परिचारिका वैद्यकीय अधिकाऱ्याला उत्तरदायी राहील की एचआर विभागाला, डॉक्टर नसताना कोणते उपचार करायचे याच्या सही केलेल्या लेखी सूचना मिळतील का, आणि पगार कंपनी देणार की ठेकेदार. महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नये. वॉर्डात परतायचे किंवा परदेशी जायचे ठरल्यास अलीकडचा खाटेजवळचा अनुभव मागितला जातो, हेही आधीच लक्षात घ्यावे.

एवढी तयारी केलेल्या परिचारिकेला या कामात वॉर्डात क्वचितच मिळणारे काही मिळते, आणि ते म्हणजे एकच माणूस वर्षानुवर्षे निरोगी असतानापासून पाहण्याची संधी. गोंगाटाने येणारे बहिरेपण श्रवणचाचणीत प्रथम चार हजार हर्ट्‌झजवळच्या खळग्यातून दिसते, तेव्हा कामगाराला स्वतःला काहीच जाणवत नसते. तो खळगा मागील वर्षांच्या आलेखांशी ताडून पाहणारी व्यक्ती बहुधा ही परिचारिकाच असते. कंत्राटी कामगाराचा ठेकेदार बदलला की नवे कार्ड उघडले जाते आणि जुना आलेख हरवतो. तो शोधून नव्या कार्डाला जोडावा आणि कामगाराला त्याची प्रत द्यावी, कारण आपल्या आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा हक्क 1987 च्या दुरुस्तीनेच त्याला दिला आहे.