शरदबाबूंची कारकुनी

चि. वसंतास,

बिमल रॉय यांचा ‘देवदास’ पाहून आल्यापासून तुझ्या पत्रांत मूळ कादंबरीचे लेखक शरदबाबू यांचे नाव आणि नोकरीचा राजीनामा या दोन गोष्टी हटकून एकत्र येऊ लागल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दप्तरातील रुक्ष जमाखर्चात प्रतिभा गुदमरते, बेफिकीर भटक्यालाच जीवनाचे मर्म गवसते, हा तुझा सिद्धांत. परंतु ज्यांच्या चरित्रावर तू तो उभारलास, त्या चरित्राचा त्याला पुरता दुजोरा नाही.

हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूर येथे १८७६ साली जन्मलेले आणि भागलपूरला आजोळी वाढलेले शरच्चंद्र तरुणपणी भटकले खरे. परंतु पैशाअभावी शिक्षण सोडावे लागलेला हाच तरुण १९०३ साली पोटासाठी रंगूनला गेला आणि १९१६ पर्यंतचा बहुतेक काळ त्याने तेथे सरकारी हिशेबाच्या कचेऱ्यांत कारकुनी करण्यात घालविला. कारखान्यांतील मिस्त्र्यांच्या वस्तीत राहावे, त्यांचे अर्ज लिहून द्यावेत, दुखण्याखुपण्याला होमिओपॅथीच्या गोळ्या द्याव्यात, असा शरदबाबूंचा क्रम होता. १९०७ साली ‘भारती’ मासिकात ‘बडदीदी’ निनावी छापली जाऊ लागली, तेव्हा ही लेखणी रवींद्रनाथांचीच असावी असा वाचकांचा तर्क झाला. खरा लेखक मात्र समुद्रापलीकडे खतावण्या तपाशीत होता! पुढे १९१२ साली राहत्या घराला आग लागून ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित भस्मसात झाले, तेव्हा त्यांनी ती एवढी मोठी कादंबरी पुन्हा लिहून काढली. तुझ्या कादंबरीचे एक प्रकरण संपादकांनी साभार परत केले एवढ्यावरून तू महिनाभर लेखणीला शिवला नाहीस, हे जाता जाता नमूद करतो.

‘देवदास’ ही तर त्यांच्या विशी-पंचविशीतली कृती. ती पुष्कळ वर्षे बासनात पडून राहून १९१७ साली प्रसिद्ध झाली, आणि ती छापण्याविषयी ते स्वतः फारसे उत्सुक नव्हते. लोकांनी तिच्यावर जीव टाकला हे खरे, पण माझ्या मते तो नायक शरदबाबूंच्या पंगतीत सर्वांत दुबळा आहे.

बळ पाहायचे असेल तर ‘श्रीकांता’च्या पहिल्या भागातील गंगेवरची रात्र पाहा. मासे चोरायला होडीतून निघालेल्या इंद्रनाथाला पटकीने दगावलेल्या एका पोराचे प्रेत दिसते. तो ते उचलू लागतो आणि श्रीकांत जातीची शंका काढतो, तेव्हा प्रेताला जात नसते असे सुनावून तो ते होडीत घेतो. लेखक तेथे लांबलचक प्रवचन करीत नाही. तुझ्या प्रकरणातील विधवा पानोपानी अश्रू ढाळते, आणि समाजाच्या क्रौर्यावरील तुझे व्याख्यान तर तिच्या अश्रूंहूनही लांबते. ‘चरित्रहीना’तली सावित्री मेसमध्ये मोलकरणीचे काम करते, तिचे हात कामात असतात, म्हणून तिचे दुःख आपल्याला खरे वाटते. तुझी विधवा दिवसभर करते काय, हे आधी ठरव. तुझ्या कचेरीत अनुकंपेचे अर्ज घेऊन येणाऱ्या बायका रोज पाहतोस, त्यांच्याशी दोन शब्द बोलत जा.

मामा वरेरकरांनी मराठीत आणलेली शरदबाबूंची काही पुस्तके माझ्या कपाटात आहेत. गणपतीच्या सुट्टीत येशील तेव्हा ती घेऊन जा, आणि नव्याने लिहिलेले प्रकरण बरोबर आण. नोकरीचा विषय तुझ्या वडिलांपुढे तोवर काढू नकोस.

तुझा
काका