कपाशीची फवारणी: ब्रँड नव्हे, गट बदला

कपाशीच्या पानांच्या कडा पिवळसर-लाल पडून खाली मुरडल्या, की तुडतुडे आले हे लगेच ओळखू येते. मग कृषी सेवा केंद्रात गर्दी होते. इमिडाक्लोप्रिड मारून झाले, आता थायामेथॉक्झाम द्या. तेही चालले नाही तर ॲसिटामिप्रिड. नावे तीन, किमती तीन. किडीच्या मज्जासंस्थेत मात्र तिन्ही औषधे एकाच ठिकाणी जाऊन बसतात.

ते ठिकाण म्हणजे निकोटिनिक ॲसिटिलकोलिन रिसेप्टर. एका मज्जापेशीचा निरोप दुसरीकडे नेणारे ॲसिटिलकोलिन या रिसेप्टरवर बसते, निरोप पोचतो आणि एक विकर लगेच त्याचे विघटन करते. निओनिकोटिनॉइड गटाची ही औषधेही तिथेच बसतात, पण त्या विकराला दाद देत नाहीत. मज्जापेशी चेततच राहते. कीड थरथरते, लुळी पडते आणि मरते.

बीटी कपाशीचे बियाणे बहुधा याच गटातील औषध लावून येते. म्हणजे पहिली मात्रा लागवडीच्या दिवशीच दिली गेलेली असते! त्यावर पुन्हा त्याच गटाची फवारणी झाली, की औषध पचवणारेच तुडतुडे मागे उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. दक्षिण फ्रान्समधील पीचच्या बागांतील माव्यात तर रिसेप्टरमधले एकच अमिनो आम्ल बदलले आणि निओनिकोटिनॉइडची पकड सुटली. 2011 मध्ये ही गोष्ट उघड झाली.

म्हणून आधी बियाण्याच्या पाकिटावर कोणते औषध लावले आहे ते वाचावे. पानामागे सरासरी 2 ते 3 तुडतुडे दिसेपर्यंत 5 टक्के निंबोळी अर्कावर भागवावे. त्यापुढे रासायनिक फवारणी लागलीच, तर गट बदलावा. निओनिकोटिनॉइड 4ए गटात येतात. गट 29 मधील फ्लोनिकामिड वेगळ्या मार्गाने किडीचे रस शोषणे थांबवते. 2बी गटातील फिप्रोनिल गॅबा रिसेप्टर अडवते. गॅबा हा मज्जासंस्थेचा ब्रेक, तोच निकामी होतो. मात्रा लेबलवर दिली असेल तीच घ्यावी.

बोंडअळीसाठीचे इमामेक्टिन बेन्झोएट गट 6 मधले. ते ग्लुटामेटच्या रिसेप्टरवरील क्लोराइडची वाट उघडी ठेवते. अळी सुस्तावते, खाणे सोडते, पण मरायला तीन-चार दिवस घेते. दुसऱ्या दिवशी ती जिवंत दिसली म्हणून घाईने दुसरी फवारणी करू नये. पैसा वाया जातो, मित्रकीटकही मरतात.

प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस औषधे वर सांगितलेले विकरच बंद पाडतात, आणि तेच विकर माणसाच्या शरीरातही असते. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नये. हातमोजे आणि मास्क घालावेत, औषधे मनाने एकत्र करू नयेत. दरदरून घाम, लाळ, उलटी किंवा अंधुक दिसणे सुरू झाले, तर पंप तिथेच ठेवून कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे आणि तडक दवाखाना गाठावा. सोबत औषधाची बाटली लेबलसकट न्यावी. कोणते विष आहे हे कळले, तर ॲट्रोपिन द्यायचे की नाही हे डॉक्टरांना लवकर ठरवता येते.